मदत हवी आहे: इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ १५५एच की एएमडीचा रायझन ७ ८८४०यू, या लॅपटॉप प्रोसेसरांची समान वॅटवर तुलना कशी करावी?

दोन्हींची बेस पॉवर २८ वॅट, पण इंटेलचा हा प्रोसेसर टर्बोत (थोडा वेळ वाढवलेल्या वेगात) ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे सिनेबेंच या वेगचाचणीच्या एकाच रनमध्ये आकडा फुगतो आणि लॅपटॉप तापला की घसरतो. असा स्कोअर माझ्या मते निरुपयोगीच. म्हणून पीएल१ आणि पीएल२ (इंटेलच्या सततच्या आणि टर्बोच्या पॉवर लिमिट) दोन्ही २८ वॅटवर लॉक करून (रायझनलाही तेवढीच लिमिट), १० मिनिटांचा लूप चालवून स्कोअरला सरासरी पॅकेज पॉवरने (पूर्ण प्रोसेसर चिपच्या वीजवापराने) भागायचं ठरवलंय.

अडचण इथे आहे: एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या पॅकेज पॉवरमध्ये दोन्ही कंपन्या तेच घटक मोजतात का? की बॅटरी पूर्ण भरून, स्क्रीन बंद ठेवून प्लगवरच्या मीटरचं रीडिंग घेणं जास्त भरवशाचं? आणि ब्राउझिंगसारख्या हलक्या कामात स्क्रीनचा खर्च वेगळा कसा काढता?