कोल्हापूरचा मराठी रॉक बँड : स्वतःचीच गाणी वाजवायची, की कव्हरवर (दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांवर) जायचं?

बेसवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

आम्ही चौघं. मी बेस वाजवतो, दिवसा उद्यमनगरात मशिन शॉपला असतो. गिटारवाला माझा मावसभाऊ. ड्रमर लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो, घर त्याच्यावरच चालतं. गाणारी मुलगी विद्यापीठात एम.ए. करते. सराव चुलत्यांच्या बंद वर्कशॉपमध्ये, रात्री नऊनंतर. आजूबाजूला लेथ आणि फाउंड्रीच्या शेड, त्यामुळं आवाजाची तक्रार कोण करत नाही.

दीड वर्षात नऊ कार्यक्रम झाले. कोल्हापुरात पाच, सांगलीत एक, पुण्यात तीन. स्वतःची गाणी सहा, सगळी मराठी. एक सेकंड शिफ्टवर आहे. एक २०१९ च्या पुरावर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. माझी आजी माळ्यावर चार रात्री बसून होती, खाली भांडी तरंगत होती. ते गाणं मी लिहिलंय आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे.

गेल्या महिन्यात पुण्यात एका कॅफेत वाजवलं. मानधन ६,००० ठरलं होतं, गाडीभाडं आणि टोल मिळून तेवढेच गेले. पुराचं गाणं चालू असताना समोरच्या टेबलवर लोक वाढदिवसाचा केक कापत होते. संपल्यावर मालक म्हणाले, "वाजवता छान, पण मध्ये चार हिंदी हिट टाका, लोकांना कळत नाही काय चाललंय." परतताना गाडीत भांडण झालं. ड्रमर म्हणतो, निम्मी कव्हर घेऊया. गाणारी म्हणते, मग मी नाही. मी मध्ये.

साठवलेले ७०,००० आहेत. त्यात पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, करावा का? की पुण्याला जाऊन राहावं? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा.

साउंडवाला_नाना

मी पुण्यात बावीस वर्षं लाइव्ह साउंड करतोय. तुमच्यासारखी पोरं दर महिन्याला समोर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारतो. त्या रात्री शब्द ऐकू येत होते का? "लोकांना कळत नाही" असं मालक म्हणाले, त्याचा अर्थ तुम्ही "मराठी नको" असा लावलात. मला वाटतं त्यांना खरंच कळत नव्हतं. वीस बाय तीसच्या खोलीत ड्रमला माइक लागतच नाही, तो उघडाच सगळ्यांच्या वर जातो. मग गिटारवाला अँप (गिटारचा स्पीकर) वाढवतो, मग तुम्ही बेस वाढवता, आणि गाणारीचा आवाज वर नेला की माइक शिट्टी मारतो. सगळ्यात आधी मरतात ती व्यंजनं. च, ट, श हे साधारण दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची, गिटार नेमकी तिथेच ठाण मांडून बसते. ओळखीचं हिंदी गाणं असेल तर ऐकणारा शब्द आठवणीतून भरून घेतो. तुमचं गाणं तो पहिल्यांदा ऐकतोय, त्याच्याकडे भरायला काही नाही. कव्हर चालतात याचं अर्धं कारण एवढंच आहे.

उद्याच्या सरावाला मोबाइल मागच्या भिंतीपाशी ठेवून रेकॉर्ड करा. मग ज्याला गाणी पाठ नाहीत अशा माणसाला ऐकवा आणि शब्द लिहायला सांगा. ड्रमरला काठ्यांऐवजी रॉड्स घ्यायला सांगा, त्या बारीक काड्यांच्या जुड्या. अँप जमिनीवर नको, खुर्चीवर तिरका ठेवा, गिटारवाल्याच्या कानाकडे. त्याला स्वतःचं ऐकू आलं की तो आपोआप कमी करतो. गिटारच्या आवाजातला तो दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा थोडा कमी करा. खर्च हजाराच्या आत.

ईपीचं म्हणाल तर ७०,००० मध्ये पाच गाणी अर्धीकच्ची होतील. एकच करा. पुराचं करा. ड्रम चांगल्या खोलीत, बाकी घरी, मिक्सिंग मात्र जाणत्या माणसाकडून.

पुण्यात राहायला येऊ नका. तुमच्याकडे फुकट सरावाची जागा आहे, इथे तासाला पैसे मोजावे लागतात. कोल्हापुरात एकच जागा धरा आणि महिन्यातला एक वार ठरवा, शक्यतो गुरुवार, म्हणजे ड्रमरचा लग्नाचा शनिवार-रविवार जात नाही. त्याच चाळीस लोकांना पुन्हा पुन्हा यायला लावणं हे नऊ ठिकाणी एकेकदा वाजवण्यापेक्षा अवघड आहे, आणि नाव तिथेच होतं. पुण्याला दोन-तीन महिन्यांतून एकदा या, इथल्या एखाद्या बँडबरोबर. त्यांचे लोक तुम्हाला ऐकतील, पुढच्या वेळी त्यांना तुम्ही कोल्हापूरला बोलवा. आणि उघड्यावरची जागा असेल तर दहाला स्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा साडेनवाची वेळ कधीच घेऊ नका, तीन गाण्यांत गुंडाळावं लागेल.

भाषेची चिंता सोडा. अवियल हा केरळचा बँड मल्याळममध्ये रॉक करतो, २००८ मध्ये त्यांचा अल्बम आला आणि मल्याळमचं एक अक्षर न येणारी पुण्यातली मुलं तो घेऊन फिरत होती. दिल्लीच्या द लोकल ट्रेनने स्वतःच्या हिंदी गाण्यांवरच श्रोते जमवले.

शिट्टी_आणि_शिंग

नानांचं सगळं बरोबर, पण ड्रमरच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. मी अठरा वर्षं ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवलंय. त्याला तुम्ही "कलेशी तडजोड करतो" म्हणाला असाल तर माफी मागा. घर चालवणारा माणूस रात्री नऊनंतर बिनपैशाच्या सरावाला येतो, याहून मोठी निष्ठा काय असते? दोन कव्हर घ्या, पण आपल्या पद्धतीनं फिरवून. एखादी जुनी लावणी किंवा गोंधळ घ्या, चाल लोकांच्या ओळखीची आणि वाजवणं तुमचं. गाणारीचंही समाधान होईल. आणि गाडीभाडं वजा जाऊन उरेल त्यातलं आधी त्याला द्या.

डोंगरउतार

मी मूळची साताऱ्याची, २००४ पासून इंग्लंडात शेफिल्डला. इथे जे डोळ्यांदेखत घडलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

आर्क्टिक मंकीज हा रॉक बँड याच गावचा, हाय ग्रीन भागातला. २००३ च्या जूनमध्ये द ग्रेप्स नावाच्या पबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. आम्ही आलो तेव्हा ते गावातल्या छोट्या जागांमध्ये वाजवत होते आणि डेमोच्या सीडी कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटत होते. आमच्या घरमालकिणीच्या मुलाकडे अशीच एक कॉपी होती, मार्करने नाव लिहिलेली. पोरांनी ती गाणी एकमेकांना पाठवली, नेटवर चढवली, मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर बँडच्या नावाचं पानसुद्धा चाहत्यांनीच काढलं. डॉमिनो या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला तो २००५ मध्ये. तोवर लोक कार्यक्रमात सगळी गाणी त्यांच्याबरोबर म्हणत होते. २००६ च्या जानेवारीत पहिला अल्बम आला आणि एका आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या.

हे आकड्यासाठी सांगत नाहीये, तसं कुणाचं होईल असंही नाही. मला सांगायचंय ते भाषेबद्दल. ती मुलं शेफिल्डच्या बोलीत गायली. टॅक्सीची रांग, नाइटक्लबच्या दारावरचा माणूस, शुक्रवारची रात्र, सगळं इथलं. अमेरिकन ऐट करणाऱ्या आसपासच्या बँडना खडसावणारं गाणंच त्यांनी केलं. त्या वेळी माझं इंग्रजी पुस्तकी होतं, मला निम्मं समजत नव्हतं. पण बसमध्ये शाळेची मुलं ती गाणी म्हणायची तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला ओळखीचं वाटायचं. आपल्या गल्लीचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलंय, तसं.

तुमच्या सेकंड शिफ्टच्या गाण्यात कोल्हापूरची बोली आहे का? नसेल तर का नाही?

कागदपत्र

थोडक्यात तीन गोष्टी. गाणं प्रसिद्ध करण्याआधी शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, हे चौघांच्या सह्यांनी कागदावर आणा. मावसभाऊ आहे म्हणून टाळू नका, नात्यातच जास्त तुटतं. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचे, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा. कुणी "सगळे हक्क आम्हाला द्या" म्हणत करार पुढे केला तर लक्षात ठेवा, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सहीनेसुद्धा सोडून देता येत नाही. स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून एकच गाणं नीट करा या नानांच्या सल्ल्याला माझाही दुजोरा. तिथल्या प्लेलिस्टसाठी ते प्रदर्शनाआधीच, शक्यतो निदान सात दिवस आधी, कळवावं लागतं, तेव्हा तारीख घाईने जाहीर करू नका.

बेसवाला_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रम्पेटवाले दादा, काल ड्रमरच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईनं जेवायलाच बसवलं.

नाना, मोबाइल मागच्या भिंतीला ठेवून रेकॉर्ड केलं. पुराच्या गाण्यात पहिल्या कडव्यातले फक्त "पाणी" आणि "आई" एवढेच दोन शब्द कळत होते. दीड वर्ष आम्ही हेच लोकांना ऐकवत होतो. मग ड्रमरनं रॉड्स घेतल्या, अँप खुर्चीवर चढवला, मी माझा आवाज निम्म्यावर आणला. मावसभाऊ दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, मला पहिल्यांदा गाणारी ऐकू येतेय.

ताई, बोली नव्हती. शाळेत निबंध लिहितात तसं लिहिलं होतं मी. आता शिफ्टच्या गाण्याचा मुखडा जेवणाच्या सुट्टीत बोलतो तसा करून बघतोय.

शब्द ओळखायला कुणाला बसवायचं हा प्रश्न होता, तर रविवारी आजीलाच रिक्षानं वर्कशॉपवर आणली. गाणं तिच्यावर आहे हे तिला माहीत होतं, पण याआधी तिनं ते मोबाइलवर ऐकलेलं, काही उमगलं नव्हतं. या वेळी खुर्चीत ताठ बसून शेवटपर्यंत ऐकलं. आम्ही थांबलो. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "चार न्हवं रं. पाच राती."

चारच्या जागी पाच चालीत तसंच बसतंय. पुढच्या गुरुवारी त्याच ओळीनं वाजवणार आहोत.