मंडळाच्या वर्गणीतून विज्ञान कट्टा: रोबोटचं किट घ्यायचं, की देखाव्याची मोटर उघडायची?

देखावावाला
मंडळी, आमच्या तालुक्याच्या गावातल्या तरुण मंडळात सध्या एकाच विषयावरून वाद चाललाय म्हणून इथे टाकतोय. गणपती झाले, हिशोब झाला, थोडी शिल्लक उरली. एका क्लासवाल्यांनी प्रस्ताव आणलाय, मंडळाच्या हॉलमध्ये रोबोटिक्सचा कोर्स सुरू करू, किट मंडळाने घ्यायची, फी मुलांनी भरायची, शेवटी सर्टिफिकेट. निम्मी कमिटी म्हणते लगेच करा, निम्मी म्हणते हे मंडळ आहे, ट्यूशन नाही. माझं म्हणणं तिसरंच आहे. विज्ञान मंडळात आलंच पाहिजे, पण ते देखाव्यातून यावं.

आमचा हलता देखावा असतो. त्यातली जवळपास सगळी हालचाल गाडीच्या जुन्या वायपर मोटरवर चालते. बारा व्होल्टची असते, आत वर्म गिअर असतो त्यामुळे फिरते हळू पण जोर भरपूर, आणि भंगारात सहज मिळते. तिला कॅम लावला की मारुतीचा हात वर-खाली होतो, क्रँक लावला की राक्षसाची मान डावी-उजवीकडे वळते, लिमिट स्विच बसवला की पडदा बरोबर जागेवर थांबतो. आठवीच्या पोराला शिकायला याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार? पण हे काम करतात दोन मोठी माणसं आणि एक वायरमन, रात्री उशिरा, ताडपत्री ओढून, देखावा आधी कुणाला कळू नये म्हणून. पोरं बाहेर उभी राहून फटीतून बघत असतात.

मला हवंय की गणपतीच्या आधी तीन-चार महिने दर रविवारी पोरांना आत घ्यायचं. सुरुवात टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साध्या मोटरपासून: एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि एनॅमलचा, म्हणजे वीज न जाऊ देणारा लेप असलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेच्या एका टोकाचं एनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं फक्त एका बाजूने अर्धं. दोन्ही पूर्ण खरवडली तर गुंडाळी जरा हलते आणि अडकते. का अडकते ते पोरांनी स्वतः शोधायचं, आपण सांगायचं नाही. मग वायपर मोटर, मग रिले (विजेने चालणारा स्विच), टायमर, आणि ज्यांना गोडी लागेल त्यांच्यासाठी अर्दुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. त्याचं डिझाइन खुलं आहे, त्यामुळे दुसऱ्यांनी बनवलेला बोर्ड तीन-चारशेला मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला. किटचे हजारो रुपये घालवायची गरजच नाही.

कबड्डीवाले सर
दादा, माझा विरोध आहे आणि मनापासून आहे. मंडळात कुठली पोरं येतात ते तुम्हाला माहितीये. शाळेत ज्यांना मागच्या बाकावर बसवतात ती. संध्याकाळी मातीवर ती कुणीतरी असतात, तिथे त्यांना गुण विचारत नाही कोणी. तुम्ही तिथे विज्ञान आणलंत की पहिल्या महिन्यात वकिलांचा आणि डॉक्टरांचा मुलगा पुढे बसणार, भराभर उत्तरं देणार, आणि माझा रेडर मागे भिंतीला टेकून मोबाईल काढणार, दुसऱ्या महिन्यात तो मंडळातच येणार नाही. अशा पोरांना गावात दुसरी जागा आहे का सांगा. शाळा सुधारायची असेल तर शाळा सुधारा ना, मैदान कशाला अडवता?

देखावावाला
सर, हॉल संध्याकाळी तुमचाच राहील, मी रविवार म्हणतोय. पण मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून सांगतो. शिकवणारा कोण हे आधी ठरवू. माझ्या डोक्यात मंडळातलीच आयटीआयची पोरं आहेत, वायरमन आणि फिटर ट्रेडची. दहावीला कमी टक्के म्हणून घरी बोलणी खाल्लेली. सोल्डर त्यांना येतं, मल्टिमीटर त्यांना धरता येतो. डॉक्टरांचा मुलगा त्यांच्याकडून शिकेल. सोल्डर कच्चा राहिला की दिवा लागत नाही, तिथे मार्कलिस्ट कामाला येत नाही.

विज्ञानाच्या बाई
मी हायस्कूलला शिकवते. किट घेऊ नका, हे मी अनुभवातून सांगते. शाळेत मुलांना करून बघायला प्रयोगशाळा द्यायची केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ ला आली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला पाच वर्षांत मिळून वीस लाखांपर्यंत अनुदान. मी ज्या शाळेत होते तिथे थ्रीडी प्रिंटर आला, सेन्सर आले, सगळं आलं. आणि खोलीला कुलूप लागलं, कारण वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढलेली, मोडली तर भरून कोण देणार. तपासणी आली की मुलांना आत नेऊन फोटो काढायचे. ज्या वस्तूची मोडायची भीती असते तिच्यातून मूल काही शिकत नाही. वायपर मोटर भंगारातली आहे, मोडली तर दुसरी आणता येईल, म्हणून मला देखावावाल्यांचं म्हणणं पटतं. काही शाळांमध्ये लॅब उत्तम चालतात हेही खरंय, पण तिथे एक वेडा शिक्षक असतोच, आणि त्याची बदली झाली की संपलं.

पिंपरीचा इंजिनिअर
बाई, तुम्ही किटला झोडपताय पण दोष कुलपाचा आहे. मी किटच्या बाजूने आहे, ऐकून घ्या. माझे वडील हमाल होते. आमच्या घरात पाना-पक्कड कुणी धरली नव्हती, भंगारातलं काय उचलायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. भंगारातून शिकायला आधी कुणीतरी जाणकार शेजारी लागतो. किटमध्ये सगळं मोजून दिलेलं असतं, पहिल्याच दिवशी गाडी चालते, आणि ज्या मुलाचं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चालतं ना त्याचा चेहरा बघा एकदा. आणि सर्टिफिकेटला नावं ठेवू नका. शिकलेल्या घराला त्याची किंमत नसेल पण माझ्या आईने माझं पहिलं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. देखावावाले दादा, तुम्ही उद्या कामाला बाहेरगावी गेलात तर तुमचा कट्टा दुसऱ्या दिवशी बंद पडेल, क्लासवाला मात्र पैसे घेतलेत म्हणून तरी येईल.

देखावावाला
शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, म्हणूनच एका ऐवजी तीन-चार पोरं तयार करायची म्हणतोय. पण फी लावली की कोण गळणार ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वर्गणी आपण घरोघर मागतो, पन्नास रुपये देणाऱ्या मावशींकडूनही घेतो. त्या पैशातून घेतलेल्या किटला हात लावायला त्यांच्याच नातवाने परत फी भरायची, हे मी कमिटीत मान्य करणार नाही.

वायरमन_३३केव्ही
तुम्ही सगळे विज्ञान विज्ञान करताय, मला आधी हे सांगा की मंडपात पोरांना घेऊन जाणार आहात का? दरवर्षी मांडवात मीच वर चढतो. गणपतीत पाऊस असतो, खाली ओल, लोखंडी पाइप, त्यावर इन्सुलेशन टेप मारलेल्या जुन्या वायरी. अर्थिंग म्हणजे नळाच्या पाइपाला गुंडाळलेली तार. कित्येक मंडळांत आरसीसीबी नसतो, फक्त एमसीबी, आणि एमसीबी माणसाला वाचवायला नसतोच, तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही म्हणजे कुठेतरी गळतोय, कदाचित माणसातून, की तो लगेच पाडतो. हे कळल्याशिवाय एकही पोर मांडवात नको. माझा ठाम विरोध.

देखावावाला
वायरमन भाऊ, मग हाच पहिला धडा करू ना! बारा व्होल्टच्या वर पोरांनी जायचंच नाही हा नियम, तोही बॅटरीवर. आणि मेनचा बोर्ड तुम्ही उघडा, पोरांनी लांबून बघायचं, टेस्टचं बटण दाबलं की आरसीसीबी कसा पडतो ते दाखवा. त्यातलं एक पोर जरी घरी जाऊन म्हणालं की बाबा आपल्याकडे हे नाहीये, तरी मला चालेल.

वायरमन_३३केव्ही
शिल्लक वर्गणीतून आधी मंडळाला आरसीसीबी आणि नीट अर्थिंगचा खड्डा करून द्या, मग बोलू. लेखी घ्या ठरावात.

पाबळकर
मी पाबळच्या विज्ञान आश्रमात एक वर्षाचा डीबीआरटी, म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाचा डिप्लोमा केलाय. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला तो सुरू केला, शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी गावात, मुद्दाम खेड्यात. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. पण लॅबपेक्षा मला दुसरी गोष्ट सांगायचीये. तिथे वेल्डिंग शिकायचं तर नमुन्याचा तुकडा जोडून फेकून द्यायचा नाही, गावात कुणाला तरी खरंच गेट हवंय, ते करून द्यायचं, आणि तो पैसे देणार आहे. मग माप चुकवायची हिंमत होत नाही. देखाव्यात ही गोष्ट आपोआप आहे, बघायला अख्खा गाव येतो. पण देखावा वर्षातून दहा दिवस. बाकीच्या दिवसात गावाला लागणारं काय करणार ते ठरवा, नाहीतर पोरं दिवाळीनंतर येणार नाहीत.

ग्रामपंचायत_पाणीवाला
पाबळकरांना उत्तर मी देतो. ओटी टेस्ट करा. पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली की नाही ते बघायची टेस्ट, मी रोज करतो. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, ओटीचे (ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे) थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. रंग पट्टीशी जुळवायचा, नळाला निदान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) क्लोरीन यायला पाहिजे. खर्च जवळपास काही नाही. पोरांनी वॉर्डातल्या टाकीजवळच्या नळापासून शेवटच्या घरापर्यंत बघत जायचं, पिवळा रंग फिका होत जातो, आणि कुठे एकदम नाहीसा झाला तर तिथे पाइप फुटून गटाराचं पाणी शिरत असू शकतं. हे आम्हा दोन माणसांच्याने अख्ख्या गावात होत नाही. फक्त ते द्रावण अंगावर, तोंडात जाऊ द्यायचं नाही, मोठ्या माणसाने थेंब टाकायचे.

खजिनदार
थांबा जरा. आतापर्यंत गप्प होतो. मांडवाला गावातले पुढारी पैसे देतात, आरतीला येतात. पोरांनी पाणी तपासून भिंतीवर कागद लावला की अमुक गल्लीत क्लोरीन नाही, पुढच्या वर्षी मांडव कशावर उभा करायचा? कुणीतरी म्हणेल मोबाईलवर डेसिबल मोजा, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, आपल्याच डॉल्बीसमोर मोजलं तर काय आकडा येईल? शिवाय वर्गणी आपण धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने गोळा करतो, हिशोब द्यावा लागतो. उत्सवाच्या नावाने घेतलेले पैसे असे वळवता येतात का हे कुणी विचारलंय का? माझी सही असते खाली.

विज्ञानाच्या बाई
खजिनदारसाहेब, पैशाचा प्रश्न रास्त आहे, वेगळी पावती करा, विज्ञान कट्ट्यासाठी म्हणून स्पष्ट सांगून गोळा करा. पण बाकीचं मला पटत नाही. टिळकांच्या काळात उत्सव रस्त्यावर आला तेव्हा त्यात व्याख्यानं होती, मेळे होते, सरकारला न आवडणारं बोललं जायचं. आणि मोजायचं नाही असं आधीच ठरवून विज्ञान शिकवता येत नाही. मूल मोजणार, आकडा खाली लिहिणार. डॉल्बीचा आकडा ५५ च्या वर आला तर तो आपलाच आकडा आहे, त्याचं काय करायचं ते कमिटीने ठरवावं. लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या २०२३ च्या मिरवणुकीनंतर आपण वाचल्यात ना, पोरांना भिंगाने ऊन एका ठिपक्यावर गोळा करून कागद जाळायला लावा, लेझर डोळ्यात गेला तर डोळ्यातल्या पडद्याचं काय होतं ते त्यांना समजेल.

खजिनदार
बाई, बोलायला सोपं आहे. दारोदार मला जावं लागतं. पाण्याच्या टेस्टला माझा विरोध नोंदवा. मोटरला नाही.

सातवीतल्या मुलीची आई
मी एक विचारते. वर एवढी चर्चा झाली, पोरं पोरं पोरं. मुलींचं कुणी लिहिलंच नाही. माझी मुलगी घरचा मिक्सर उघडून बसते, कार्बन ब्रश झिजलाय हे तिने मला दाखवलं. पण मंडळाच्या हॉलमध्ये मी तिला पाठवू शकत नाही, तिथे संध्याकाळी नुसते मुलगे, पायरीवर बसलेले. आरतीच्या दिवसात आम्ही बायका येतो तेवढंच. क्लासवाल्याकडे मुली येतील, कारण आईबापांना तो क्लास वाटतो, म्हणून माझं मत खरं तर क्लासकडे झुकतंय, पैसे गेले तरी चालतील.

कबड्डीवाले सर
ताई, हे खरं आहे आणि आमच्या कबड्डीतही मुली येत नाहीत. देखावावाले, मी माझा विरोध दोन अटींवर सोडतो. एक, शिकवणाऱ्यांत आयटीआयच्या पोरांची नावं आधी लिहा, नंतर बघू असं नको. दोन, निदान एक बाई तिथे पूर्ण वेळ बसली पाहिजे, आणि जागा हॉल नको, जिल्हा परिषद शाळेचा वर्ग मागा.

देखावावाला
दोन्ही मान्य. शाळेची परवानगी मी आणतो. वायरमन भाऊंचा आरसीसीबी ठरावात पहिला. पाण्याची टेस्ट मी सोडणार नाही, पुढच्या मीटिंगला खजिनदारांशी भांडेन. ताई, रविवारी सकाळी नऊला चालेल का? तुम्ही आणि बाई आळीपाळीने बसलात तर.

सातवीतल्या मुलीची आई
बसेन. पण नऊ नको. नऊला पाणी येतं आणि ते घरातल्या मुलीच भरतात. अकरा करा.