जुनी स्विफ्ट डिझेल: टेन्शनर घरघरतोय, नुसतं बेअरिंग बदलू का पूर्ण सेट?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. २०११ ची स्विफ्ट डिझेल आहे, वडिलांनी घेतलेली, दीड लाखाच्या पुढं पळालीय. सकाळी गाडी चालू केली की बेल्टच्या बाजूनं घर्र घर्र आवाज येलालाय, आधी गाडी तापली की जायचा, आता जातच नाही आणि रेस केली की आवाजपण वर चढतो. सात रस्त्याकडच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून नुसता कान दिला आणि म्हणाला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) गेला, पूर्ण सेट टाका, बेल्टपण टाका. दुसरा म्हणतो कशाला, बेअरिंग तेवढं बदलू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दोघांच्या पैशात लई फरक आहे. आईला तुळजापूरला न्यायचंय, त्यात हे ऊन, रस्त्यात बंद पडायला नको. आणि हा टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा) तर नाही ना? त्याचीच भीती वाटते.

होटगीरोड:
दादा, टायमिंगची भीती सोडा, तुमच्या १.३ डिझेलला टायमिंगला चेन आहे. हा बाहेरचा बेल्ट, ज्याला सगळे फॅन बेल्टच म्हणतात, आल्टरनेटर, एसी आणि वॉटर पंप फिरवतो. पण म्हणून हलक्यात घेऊ नका. बेअरिंग जाम होऊन बेल्ट उडाला तर बॅटरीचा दिवा लागेल, पाणी फिरायचं थांबेल, आणि ४२-४३ डिग्रीत तसंच हाणलं तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंच समजा.

पैसे द्यायच्या आधी आवाज नक्की कुठला ते बघा. गाडी थंड असताना बेल्ट काढायला लावा (काढायच्या आधी बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, नंतर वाद नको) आणि अर्धा मिनिट इंजिन चालू करा, जास्त नाही. आवाज गायब झाला तर बेल्टवरच्याच कुठल्या तरी पुलीचा आहे. मग गाडी बंद करून एकेक पुली हातानं फिरवा. चांगल्या पुलीत ग्रीस असतं, जरा जड फिरते आणि लगेच थांबते. ग्रीस संपलेली भिंगरीसारखी फिरत राहते आणि बोटाला खरखर लागते. आल्टरनेटरची पुलीपण धरून हलवून बघा, त्याच्या बेअरिंगचा आवाज अगदी असाच येतो आणि बळी टेन्शनरचा जातो. आणि तोवर कुणी सांगितलं तरी ऑइल किंवा स्प्रे मारू नका. दोन दिवस गप्प बसतं, उरलंसुरलं ग्रीस धुऊन जातं आणि बेल्टवर उडालं की बेल्टपण घसरायला लागतो.

लेथवाला_एमआयडीसी:
अक्कलकोट रोडला आमच्याकडं अशा पुल्या रोज येतात म्हणून सांगतो. नुसतं बेअरिंग बदलता येतं, पण सगळ्या पुलीत नाही. लोखंडी पुली असेल तर जुनं प्रेसवर निघतं, नवं बसतं. प्लॅस्टिकची पुली बेअरिंगवरच ओतलेली असते, ती ठोकून काढली की पुलीच ढिली होते, तिथं पुली नवीनच घ्या.

बऱ्याच पुल्यांत ६२०३ निघतं, आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिमी, तरीपण जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या. दोन्ही बाजूला रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस, आणि जमलं तर सी३, कारण गरम झाल्यावर आत थोडी जागा लागते. ही पुली लहान, त्यामुळं इंजिनपेक्षा जोरात फिरते. क्रँकची (इंजिनच्या मुख्य शाफ्टची) पुली १४० मिमी आणि ही ७० धरली तर ३००० आरपीएमला ही ६००० नं पळते. साधं मिळेल ते स्वस्त बेअरिंग इथं टिकत नाही आणि नकली मालपण भरपूर आहे, बिलावर घ्या.

बसवताना समोर उभं राहून बघा. दाब बाहेरच्या रिंगवरच पडला पाहिजे. आतल्या रिंगवर हातोडा मारला की गोळ्यांचे खड्डे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणायला लागतं. कितीतरी लोक तेच घेऊन परत येतात आणि कंपनीला शिव्या देतात.

विजापूररोड_डिझेल:
वरचं सगळं बरोबर, पण मालक, आर्म (ज्यावर पुली बसते तो दांडा) कुणी बघितला का? टेन्शनर म्हणजे नुसती पुली नाही, आत स्प्रिंग आहे. इंजिन चालू असताना आर्म थरथरत असेल, किंवा पुली तिरकी होऊन बेल्ट एका कडेला सरकलेला दिसत असेल तर बुश (आर्मच्या सांध्यातली नळी) गेलाय. अशा आर्मवर नवं बेअरिंग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, तिरक्या ओढीनं तेही जाणार. मग पहिल्या गॅरेजवाल्याचंच खरं, पूर्ण सेट टाका. आर्म सरळ असेल तर बेअरिंगवर खुशाल भागवा.

जुळेसोलापूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बेल्ट काढून बघितलं, आवाज बंद झाला. आल्टरनेटर आणि बाकी पुल्या चांगल्या, टेन्शनरचीच पुली खरखरते. पण बेल्टच्या एका कडेचे धागे निघालेत आणि आर्म हातानं आडवा हलतो. म्हणजे पूर्ण सेट आणि बेल्ट दोन्ही, बरोबर ना? आणि हे एवढं लवकर खराब का झालं असेल?

विजापूररोड_डिझेल:
बरोबर, दोन्ही टाका, त्याशिवाय तुळजापूर नको. लवकर म्हणाल तर दीड लाख काही कमी नाही. पण वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशर गन मारून घेत असाल तर ते बंद करा. त्या दाबानं पाणी सीलच्या आत शिरतं, वर आपल्याकडची धूळ. इंजिन ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरतं.