अनुभव धागा: थायलंडच्या राजाच्या राज्यात

थायलंडमध्ये राहून आलेली बरीच मंडळी इथे आहेत. देवळं, समुद्र, मसाज यावर भरपूर लिहून झालंय. रोजच्या जगण्यात राजा कुठे भेटायचा, ते लिहा. सुरुवात मी करते.

१३ ऑक्टोबर २०१६. राजे भूमिबोल गेले. ७० वर्षं गादीवर. आमच्या इमारतीतल्या कुणालाच दुसरा राजा आठवत नव्हता. टीव्ही कृष्णधवल झाला, बाजारातून काळे कपडे गायब. मग रस्त्याकडेला मोठमोठी पातेली चढली आणि लोकांचे कपडे फुकटात काळे करून मिळू लागले. मी माझा अबोली कुर्ता दिला. काठीने ढवळणाऱ्या मावशींनी बाहेर काढला तेव्हा तो पिकल्या जांभळाच्या रंगाचा झाला होता, शिवणीचा दोरा मात्र तसाच अबोली! त्यात ३० तारखेला लक्ष्मीपूजन. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "सणासुदीला काळं? कोण गेलं गं?" म्हटलं, राजा. "मग तुम्हाला कसलं सुतक?" शेवटी पूजा पैठणी नेसून केली आणि फराळाचे डबे वाटायला जाताना तो कुर्ता चढवला. खालच्या वॉचमनने आधी कुर्त्याकडे पाहून मान लववली, मग चकली घेतली.

---

आम्ही २००६ ते २००९. सोमवारी ऑफिस म्हणजे झेंडूचा ढीग. राजाचा जन्म सोमवारचा आणि त्यांच्याकडे सोमवारचा रंग पिवळा. २००७च्या नोव्हेंबरात राजे गुलाबी कोट घालून हॉस्पिटलमधून बाहेर पडले आणि गुलाबी शर्टांसाठी रांगा लागल्या. मला मापाचा मिळाला नाही. तिथला डबल एक्सेल म्हणजे आपला मीडियम.

---

लुंपिनी पार्क, संध्याकाळचे ६. राष्ट्रगीत सुरू झालं की धावणारे जागच्या जागी थांबत. माझ्या चार वर्षांच्या लेकीला वाटायचं, सगळे स्टॅच्यू खेळताहेत. सिनेमाआधी मात्र राजगीत वेगळं, तेव्हाही उभं राहायचं.

---

गोड आठवणी खऱ्याच, पण कलम ११२ विसरू नका. राजाचा अपमान, एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद. जेवताना मी काही विचारलं की सहकारीण म्हणायची, "आज भात छान झालाय." त्या आदरात भक्ती किती आणि धाक किती, मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

---

मे महिन्यातली शाही नांगरणी कुणी पाहिली का? सनाम लुआंग मैदानावर बैलांपुढे भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि दारू मांडतात. ते कशात तोंड घालतात त्यावरून वर्षाचं भाकीत. संपलं की माणसं पेरलेलं भात वेचायला धावतात. मीही चार दाणे आणून साताऱ्याला वडिलांच्या हातावर ठेवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बैल दारू प्याला का?"