बेल्स पाल्सी: डोळा कोरडा म्हणतात, मग पाणी का गळतं?

फिजिओ_कोथरूड
बेल्स पाल्सीत चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते. अशा पेशंटला थेंब घालायला सांगितलं की उत्तर ठरलेलं: "अहो, डोळा सारखा गळतोय, थेंब कशाला?" फेशियल नर्व्हला (चेहरा हलवणारी सातवी नस) इजा झाली की अश्रू कमी होतात की वाढतात?

नस_नंबर_सात
इजा कुठे आहे त्यावर ठरतं. अश्रुग्रंथीचे तंतू कानाच्या हाडात, जेनिक्युलेट गँग्लियनपाशीच (या नसेवरचा गाठीसारखा फुगवटा) मूळ नसेतून फुटतात. इजा तिथे किंवा त्याआधी असेल तर पाणी बनणंच घटतं. पुढे, समजा पॅरोटिडमध्ये (कानापुढची लाळग्रंथी) असेल, तर पाणी नीट बनतं. पण डोळा मिटणारा स्नायू ढिला पडतो. उघडझाप होताना पाणी नाकाकडे ढकलतो तो हाच. त्यात खालची पापणी लोंबली की पाणी निचऱ्याच्या छिद्राशी पोचतच नाही, गालावर उतरतं. बुबुळाचा खालचा भाग मात्र उघडा राहून सुकतो. सुकला की चुरचुरतो, चुरचुरला की आणखी पाणी. तेव्हा गळतंय म्हणून थेंब बंद, हे चूकच.

शिर्मर_पट्टी
अंदाज नको, शिर्मर (कागदी पट्टीने अश्रू मोजायची चाचणी) करून घ्या, दोन्ही डोळ्यांची. पट्टीचं टोक दुमडून खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवायचं, ५ मिनिटं. ५ मिमीच्या आत ओल म्हणजे डोळा चांगलाच कोरडा. पट्टी बुबुळाला घासली तर आकडा फुगतो.

ओपीडी_हडपसर
दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सीएमसी ०.५% थेंब (कृत्रिम अश्रू), दर एक-दोन तासांनी. साधी बाटली इतक्यांदा वापरली तर त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हच टोचायला लागतं. रात्री मलम, मग वरची पापणी बोटाने पूर्ण खाली ओढून मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी). नुसता गॉज ठेवून पट्टी मारू नका. आत डोळा उघडतो आणि गॉज बुबुळावर घासतो. मलमाने धूसर दिसतं, म्हणून दिवसा गाडी चालवणाऱ्याला ते नको. कर्वे रस्त्याच्या धुळीत दुचाकीवर कडेने बंद असलेला गॉगल हवाच.
लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, नजर धूसर: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. अकूस्टिक न्यूरोमाच्या (कानाच्या नसेवरची गाठ) ऑपरेशननंतर पाचवी नसही (डोळ्याची वेदना कळवणारी) बधिर असेल तर जखम होऊनही दुखत नाही. असा पेशंट तक्रारीची वाट न बघता तपासायचा.

फिजिओ_कोथरूड
आणि काही महिन्यांनी जेवताना एकाच डोळ्यातून पाणी येतं, ते?

नस_नंबर_सात
नस भरून येताना लाळेचे तंतू वाट चुकून अश्रुग्रंथीला जोडले जातात. घास तोंडात गेला की डोळा पाझरतो. फार त्रास असेल तर अश्रुग्रंथीत बोटॉक्स देतात. असर काही महिने टिकतो, पण पापणी तात्पुरती खाली येऊ शकते, हे आधी सांगून ठेवावं.