घर बघतोय पण नक्की काय हवंय तेच ठरत नाहीये (पुणे, २ बीएचके)

वैतागलेला_पुणेकर:
मंडळी मदत करा. दर रविवारी फ्लॅट बघतोय आणि आता सगळे सँपल फ्लॅट सारखेच दिसायला लागलेत. बजेट ताणून ताणून ८० लाख. बायकोचं ऑफिस हिंजवडीला, माझं कॅम्पात, आई आमच्याकडेच असते आणि तिचे गुडघे गेलेत. मला कोथरूड हवंय, जुनी सोसायटी का असेना, बायकोला पुनावळ्यात नवीन टॉवर, क्लबहाऊस वगैरे. आईला विचारलं तर म्हणते तुम्ही ठरवाल ते. ठरवायचं कसं??

निवांत:
"तुम्ही ठरवाल ते" म्हणजे त्यांचं काही म्हणणं नाही असं नसतं हो, आधी त्यांना नीट विचारा. जुन्या तीन मजली बिल्डिंगला लिफ्ट नसते, तिथे दुसरा मजला घेतलात तर त्या फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरतील. आणि बाथरूमचं दार मोजा. आमच्या सासूबाईंच्या ऑपरेशननंतर वॉकर त्या दारातून आत जाईना, दर वेळी दोघांनी धरून न्यायचं, बेडरूम मात्र ऐसपैस! एजंट "रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे" म्हणेल, त्यावर विसंबू नका, कागदावर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते पण मीटिंगा वर्षानुवर्षं चालतात.

हिशोबी:
८० लाख फ्लॅटचे की सगळं धरून? ८० चा फ्लॅट असेल तर बँक ८० टक्क्यांच्या वर देणार नाही, म्हणजे १६ लाख खिशातून, वर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, अंडर कन्स्ट्रक्शन असेल तर जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख. कम्प्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. म्हणजे नवीन घेताना तुम्ही खरं तर ९० लाखांची घरं बघताय. सगळं धरून ८० असेल तर ७०-७१ च्या वरचं नवीन घर बघायला जाऊच नका, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. फक्त वहिनींच्या नावावर घेतलंत तर ड्युटी १ टक्का कमी, जॉइंटला सूट नाही.

टँकरग्रस्त:
टाइल्स, किचन ट्रॉल्या सगळं नंतर बदलता येतं, पाणी आणि रस्ता नाही. मे महिन्यात जा, सेल्सवाल्याला सोडा, शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा दिवसाला किती टँकर येतात, तोच पैसा मेंटेनन्समध्ये तुमच्याकडून जाणार. आणि सोमवारी सकाळी नऊला पुनावळ्याच्या अंडरपासमधून गाडी काढून दाखवा, मग बोलू. कोथरूडहून तुम्हाला निदान वनाजवरून मेट्रोने पुणे स्टेशन गाठता येतं. वहिनींची बाजू पण खरी आहे म्हणा, रोज कोथरूड ते हिंजवडी म्हणजे त्यांचे हाल, त्यांना ऑफिसला किती दिवस जावं लागतं?

वैतागलेला_पुणेकर:
आठवड्यातून दोनच दिवस, हे लक्षातच घेतलं नव्हतं. आईला परत विचारलं, तिला खाली बसायला बाक आणि चालत जाता येईल असं देऊळ हवंय, बाकी काही नाही. बायको म्हणते कोथरूड चालेल पण लिफ्ट आणि कव्हर्ड पार्किंग नसेल तर बघायलाही येणार नाही. आता असे रीसेल बघतोय, एरिया जरा लहान मिळतोय. एका जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये फक्त बिल्टअप (भिंतींसकट एरिया) लिहिलंय, कार्पेट (आतला वापरायचा एरिया) कसं धरायचं?

हिशोबी:
खोल्या आतून मोजा. रेरा (घरखरेदीचा कायदा) प्रमाणे कार्पेटमध्ये फ्लॅटच्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. तो आकडा काढा आणि त्यावरच भावाचं बोला, एजंटचा बिल्टअपचा रेट ऐकूच नका.