मदत हवी आहे: साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज विनातारण, मग बँक घराचे कागद का मागते?

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याचे. मुलीला नवी मुंबईत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, चार वर्षांचा खर्च साडेसहा लाखांच्या घरात जातो. ठाण्यातल्या एका सरकारी बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले, ४ लाखांच्या वर घराचे कागद लागतील. चाळीतली खोली अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, ते जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी फाईल छातीशी धरून गप्प उभी होती, मला बघवेना.

केंद्राच्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की पुरे, असं वाचलंय. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करून असं कर्ज ठाणे-नवी मुंबईत कुणाला मिळालंय का? बँकेशी काय बोललात? फी भरायला दहाच दिवस उरलेत, कृपया लवकर सांगा.